एक कट्टा उजेड

आई घड्याळ बघत नाही.
दारात बसते पाय लांब करून,
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
डाव्या हाताला भिजवलेली पानं,
आणि ऊन कुठवर आलंय ते बघते.

मार्गशीर्षात ऊन न्हाणीच्या दगडावरून
पाचालाच उठून जायचं, शेजारच्या भिंतीमागे,
उसनं घेतलेलं परत नेल्यासारखं.
बल्ब ती लावायची नाही.
बिलाचं होतंच, पण तेवढंच नाही.
पिवळ्या उजेडात पान खोटं बोलतं, म्हणायची.
शीर दिसत नाही, भोक दिसत नाही,
आणि सकाळी चेकर मूठभर छाट काढतो,
तुझ्याच डोळ्यांदेखत मोडतो.

तर मार्गशीर्षात छत्तीस कट्टे.
भोगीच्या आधीच्या आठवड्यात सदतीस.
हात तेच, कात्री तीच.

मी शाळेतून शिकून आले होते,
दिवस बावीस डिसेंबरलाच फिरतो,
संक्रांतीसाठी थांबत नाही.
मोठ्या तोऱ्यात सांगितलं.
दाताने दोरा तोडत ती म्हणाली,
“संध्याकाळ फिरली गं. सकाळ कुठं फिरलीय?
सकाळचं रथसप्तमीला बघ.”

कितीतरी वर्षांनी पंचांग उघडलं,
सूर्योदयाच्या रकान्यातून बोट खाली नेत गेले.
सात-एक. सात-एक. सात-एक.
पौषभर सकाळ तिथेच उभी,
रेशनच्या रांगेत असावी तशी.

गड्ड्याचे दिवस मात्र सुट्टीचे.
महिनाभर रात्री आमच्या बोळातून
मल्लिनाथ बिराजदार बांबू पेलत जायचा, सरावाला,
पोरं काठीने विजेच्या तारा वर उचलून धरायची.
आता तोच पांढऱ्या बाराबंदीत,
ओळखू न येणारा,
डोक्यावर अख्खा नंदीध्वज, त्याला दिव्यांच्या माळा,
आणि मागून हर्र बोला हर्र.
आईने लिंबाने हात घासले होते.
तरी गर्दीत तिच्या पदराला जर्द्याचाच वास.

होम पेटला तेव्हा कुणीतरी कुंभारकन्येची गोष्ट सांगत होतं,
कशी ती योगदंडाशी लग्न लावून
दुसऱ्या दिवशी आगीत गेली.
बायकांनी हात जोडले. आईनेही जोडले.
मग माझ्या कानाशी, हळू,
“अजून चार मडकी केली असती पोरीनं.”

नंतर भाकणूक.
दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणलं,
पुढे धान्य, गाजर, खोबरं, पानसुपारी.
ते ज्याला तोंड लावील ते महागणार.
सगळं मैदान गप्प.
वासराने ज्वारी हुंगली, सोडली,
गाजर खाल्लं अर्धं.
आईने टाचा उंच करून पाहिलं.
“तंबाखू नाही ठेवत का रे पुढं?”
पुढचा माणूस हसला. ती हसत नव्हती.

शोभेच्या दारूने आकाश उजळलं तेव्हा
तिचं लक्ष वर नव्हतंच,
तळ्याच्या पाण्यात पडणारं ते एकेक फूल
किती वेळ टिकतं, हे बघत होती.

करीला काम करू नये म्हणतात.
तिने दार अर्धं लोटून घेतलं
आणि त्या अर्ध्या दारातून आलेल्या उन्हात
पानं कापायला घेतली.
शेजारच्या अंबूबाईने विचारलं, तर म्हणाली,
काही नाही, कात्रीला धार आहे का बघते.

लोक म्हणतात, दिवस तिळातिळाने वाढतो.
आईला तिळाचं माप चालत नाही.
पंचवीस विड्या, वर दोऱ्याचे दोन वेढे,
असं काहीतरी हातात यावं लागतं,
तेव्हा ती मानते.

त्या संध्याकाळी मी मोजले. अडतीस.
पुन्हा मोजायला लावले.
मजुरी हजारावर, हजाराला अजून दोन कमी,
आणि दर गेल्या दिवाळीचाच.
“पोद्दु पेरिगिंदि,” ती स्वतःशीच म्हणाली,
दिवस वाढला म्हणायचं तर तिला मराठीत सुचत नाही.

न्हाणीच्या दगडावर ऊन अजून होतं,
वीतभर.
तिने सूप थोडं पुढे सरकवलं.